छप्पन्न पहारे, पंचावन्न घरं

मथुराकाकी दुपारच्या वेळी कोणाच्या दारात जात नाही, हे ऋताला अकरा वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणूनच गुरुवारी भर दोन वाजता ती जून झालेलं तवसं, मोठी काकडी, पदराखाली धरून घरापुढच्या खळ्यात उभी राहिली, तेव्हा ऋताने घासायला घेतलेलं पातेलं तसंच खाली ठेवलं. तुझ्या सासऱ्यांना, गणपतदादांना, तवशाचं गोड धोंडस आवडतं, करून घाल, असं म्हणून काकीने तवसं तिच्या हातात दिलं आणि पायरीच्या अगदी कडेला टेकली. चहा नको म्हणाली. पाणीही नको. मग भाताबद्दल बोलली, डुकरांनी शेताचा एक कुणगा लोळवला त्याबद्दल बोलली, लेकीच्या, सलोनीच्या, सावंतवाडीच्या नर्सिंग कॉलेजात परीक्षा पुढे ढकलली त्याबद्दल बोलली. ऋता ऐकत होती आणि वाट बघत होती. तवशासाठी एवढं ऊन कोणी तुडवत नाही.

शेवटी काकी उठली, पदर सारखा केला आणि अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाली, "एक इचारू? माझ्या घराचा सुतक अजून फिटाक नाय काय गो?"

ऋताला क्षणभर काही उमगलंच नाही. "काकी, असं काय? बाबलीकाकांना वर्ष होऊन गेलं की."

"तांच म्हणतंय," मथुराकाकी म्हणाली आणि पाणंदीला लागली. मागे वळून बघितलंही नाही.

आडखोल हे बांद्यापासून आत, डोंगराच्या पोटातलं छप्पन्न घरांचं गाव. भातं कापून मळण्या आटोपल्या की कार्तिकात देवळात सप्ता बसतो. सात दिवस सात रात्री समईभोवती भजन चालतं आणि ते मध्ये तुटता कामा नये. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ पहारे, सात दिवसांचे छप्पन्न. घरंही छप्पन्न. एका घराला एक पहारा. घर स्लॅबचं असो की मातीचं, पहारा एकच. भल्या पहाटेचा पहारा कायम एकाच्याच गळ्यात पडू नये म्हणून यादी दरवर्षी एका घराने सरकते, गेल्या वर्षी पहिलं होतं ते घर या वर्षी शेवटी जातं. ज्या घरात सुतक असेल त्याचं नाव त्या वर्षी घ्यायचं नाही. मागची घरं एकेक पहारा पुढे येतात आणि शेवटचा रिकामा पहारा पहिल्या घराकडे जातो. पुढच्या वर्षी सुतकातलं घर आपल्या जागी परत येतं. त्याला कोणी बोलवावं लागत नाही. निदान आजवर लागलं नव्हतं.

मथुराकाकीचे यजमान बाबलीकाका गेले ते गेल्या वर्षी, सप्त्याला आठ दिवस उरले असताना.

ऋताने ओल्या हातानेच फोन उघडला. गावाच्या ग्रुपवर तिने रविवारी टाकलेली यादी अजून वरच होती. पाठवण्याआधी तिने ओळी मोजल्या होत्या, दोनदा मोजल्या होत्या, बरोबर छप्पन्न भरल्या होत्या. आता ती नावं वाचत गेली. चोविसावं नाव झालं की मथुराकाकीचं घर, बावीकडचं, म्हणजे विहिरीजवळचं. पण पंचविसाव्या ओळीत लवूचं नाव होतं. लवू टेम्पोवाला काकीच्या पुढच्या घरातला. ती वरखाली शोधत राहिली. बाबली नाही. मथुरा नाही. आणि पहिल्या ओळीत दत्तप्रसाद होता, तसा छप्पन्नाव्या ओळीतही दत्तप्रसाद होता.

शुक्रवारी, म्हणजे उद्याच, सकाळी दहाला देवळात गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाण्यात यादी देवापुढे वाचायची, ज्याचं त्याचं नाव आलं की त्या घराने "आसा", म्हणजे आहे, असं म्हणायचं, आणि एकदा देवापुढे वाचलेली यादी वर्षभर बदलत नाही. बारा वाजता समई लागणार. तोपर्यंत बावीकडचं घर यादीत परतलं नाही तर ते या वर्षीही नाही.

पण तिला खरं टोचलं ते वेगळंच. चार दिवस यादी पंचावन्न घरांच्या फोनवर होती. लोकांनी अंगठे दाखवले होते, हात जोडले होते. एकानेही विचारलं नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नसेल असं कसं म्हणावं? लक्षात आलं असणार, आणि हे ठरवूनच केलंय असं सगळ्यांना वाटलं असणार. बावीकडच्या घरात आता पुरुष माणूस नाही. काकी आणि सलोनी, दोघीच.

ऋता सावंतवाडीची. कॉम्प्युटर घेऊन बी. एस्सी. झाली आणि चार वर्षं कोल्हापूरच्या एका कंपनीत होती. तिथे दिवसभर जुन्यापान्या याद्या साफ करायचं काम. कुठल्या नावाच्या मागे टिंब राहिलंय, कुठे पत्ता दोनदा पडलाय. ते सगळं पर्ल नावाच्या भाषेत चालायचं. पर्ल आता कोणी मुद्दाम शिकत नाही, पण ऋताचा हात तिच्यावर बसला तो बसलाच. काहींचा हात चुलीवर बसतो, गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच, तसं. लग्न होऊन आडखोलात आल्यावर तिने बांद्यात मुलांचे कॉम्प्युटरचे क्लास घेतले. नवरा मंगेश गोव्याच्या औषध कंपनीत पाळीवर जायचा. आणि सप्त्याची यादी तिचे सासरे गणपतदादा ठेवायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील ठेवायचे.

काचबिंदूने दादांची नजर गेली तेव्हा यादी कोण ठेवणार हा प्रश्न देवळात निघाला. सुनेच्या हातात यादी जाणं काहींना रुचलं नव्हतं. दादा तेव्हा एवढंच म्हणाले होते की तिका येता, तुमका येता काय? ऋताने छप्पन्न नावं टाइप केली, एक छोटा प्रोग्राम लिहिला. क्रम सरकवायचा, सुतकातली घरं वगळायची, पहारे लावायचे, यादी छापायची, सगळं एका बटणावर. पहिल्या वर्षी कोणाकडे सुतक नव्हतं. यादी छान निघाली. देवळाच्या कमिटीतल्या दत्ताकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं की चुकला तर? आणि ती हसून म्हणाली होती, कॉम्प्युटर चुकत नाही, काका.

आता तिने लॅपटॉप उघडला. मूळ यादीची फाइल बघितली, पंचावन्न नावं. ठीक आहे, म्हणूनच तर तिने दुसरी फाइल ठेवली होती, जपून ठेवलेली. तीही उघडली. पंचावन्न. पेनड्राइव्ह शोधला, कपाटाच्या वरच्या खणात, हळदीकुंकवाच्या डब्यामागे. त्यावर काय असणार? याच फाइली. पंचावन्न. पहिल्या वर्षीची यादी जुन्या फोनमध्ये होती आणि जुना फोन उन्हाळ्यात विहिरीत पडला होता. ग्रुपवर विचारावं तर गावाला कळणार, आणि आपली चूक आपल्या तोंडून कळण्याआधी गावाला कळावी असं तिला वाटत नव्हतं.

तिने प्रोग्राम वरपासून वाचायला घेतला, शिस्तीत, शेंगा सोलाव्या तशी एकेक ओळ.

पर्लमध्ये यादीला ॲरे म्हणतात. यादी दोन तऱ्हांनी धरता येते. एक, यादीच घ्यायची. दुसरी, यादी जिथे ठेवलीय त्या जागेचा पत्ता घ्यायचा, आणि त्या पत्त्याला रेफरन्स म्हणतात. मोठी यादी प्रोग्रामच्या एका भागातून दुसऱ्या भागात न्यायची तर अख्खं बोचकं कशाला उचला, पत्ता दिला की झालं. म्हणून ऋताने सगळीकडे पत्तेच वापरले होते. 'मूळ' या नावात मूळ यादीचा पत्ता. मग एक ओळ होती: 'या वर्षाची' बरोबर 'मूळ'. तिच्याखाली दुसरी: 'जपून ठेवलेली' बरोबर 'मूळ'. मध्ये एक साधं बरोबरचं चिन्ह.

ती त्या दोन ओळींकडे बघत राहिली. क्लासमध्ये ती पायथन शिकवते, तिथेही हीच भानगड आहे, आणि दरवर्षी ती मुलांना सांगते की पत्ता दोन कागदांवर लिहिला म्हणून घरं दोन होत नाहीत. मुलं वहीत उतरवून घेतात.

तरी खात्री हवी म्हणून तिने तिन्ही नावांत काय आहे ते पडद्यावर छापून बघितलं. यादी न छापता नुसता पत्ता छापला की पर्ल एक विचित्र ओळ दाखवतं: ॲरे, आणि पुढे कंसात अक्षरांची आणि आकड्यांची लांबट माळ. तीन ओळी आल्या. पहिलीच्या शेवटी ई आणि आठ. दुसरीच्या शेवटी ई आणि आठ. तिसरीच्या शेवटीही ई आणि आठ. तिने बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. काडीचा फरक नव्हता.

तीन नावं होती आणि यादी एकच होती. गेल्या वर्षी तिने 'या वर्षाची' मधून बाबलीकाकांचं घर काढलं ते मुळातूनच गेलं, आणि जपून ठेवलेल्यातूनही त्याच क्षणी गेलं. मग प्रोग्रामने इमानदारीने दोन्ही फाइली लिहून ठेवल्या. यंदा पंचावन्न घरं छप्पन्न पहाऱ्यांवर लावायची म्हटल्यावर शेवटच्या पहाऱ्याला पुन्हा पहिलं घर घेतलं, सुतकाच्या वर्षी घ्यावं तसंच. म्हणून ओळी छप्पन्न भरल्या. तिने मोजल्या त्या ओळी. घरं कुठे मोजली होती?

आणि खूणही मिळाली होती. पहिल्याच वर्षी यादी सरकवल्यावर मूळ फाइलही आपोआप सरकलेली तिला दिसली होती. ते सरकवायची ओळ तिने लिहिलीच नव्हती. तेव्हा तिला वाटलं, लिहिली असेल कुठेतरी, बरं झालं, एक काम वाचलं. फुकट झालेलं काम बघून तेव्हाच संशय यायला हवा होता.

साडेचारला तिने दत्ताकाकांना फोन लावला. दत्तप्रसाद देवळाच्या कमिटीचे प्रमुख, बांद्याला किराणा मालाचं दुकान, माणूस वाईट नाही पण मानाला हळवा. तिने चूक सांगितली. ते म्हणाले, आता राहू दे, पुढच्या वर्षी बघू. लोकांनी फोनवर बघून कामं लावलीत. बावीकडचं घर पंचविसाव्या जागी घातलं तर मागच्या एकतीस घरांच्या वेळा तीन-तीन तास पुढे जाणार. मुंबईहून येणाऱ्यांनी त्या वेळा बघून तिकिटं काढलीत. तिने सांगितलं की तरीही नाव यायलाच हवं. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "गो ऋता, त्या घरात आता उभो रवतलो कोण? आणि एक सांग. माझो शेवटचो पहारो गेलो तर तो खंय जाता? तुमच्याच घराक मां?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने यादी पाहिली. गेल्या वर्षी पहिलं होतं पिंपळाकडचं घर, म्हणजे तिचंच. नियमाने ते या वर्षी शेवटी. चुकीच्या यादीत ते पंचावन्नावं होतं. चूक सुधारली की छप्पन्नावं होणार. शेवटच्या पहाऱ्याचा मान मोठा, समईसमोरचा नारळ त्या घराला मिळतो. म्हणजे उद्या तिने उठून यादी बदला म्हटलं की लोक म्हणणार, बघा, स्वतःच्या घराला नारळ लावून घेतला.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्याशी उभी होती. तवसं तिथेच पडलं होतं.

संध्याकाळी ती दादांपाशी जाऊन बसली. दादा पडवीत बाकावर बसून रेडिओ ऐकत होते. तिने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. पत्ता आणि यादी हा घोळ तिने समजावायचा प्रयत्न केला. किती कळला कोण जाणे. ते रागावले नाहीत, आणि त्यानेच तिला जास्त वाईट वाटलं. मग तिने दिवसभर मनात घोळवलेला तोडगा सांगितला. शेवटचा पहारा मथुराकाकींना द्यायचा. दत्ताकाकांचा जादाचा पहारा जाईल, पण बाकी कोणाचीच वेळ हलणार नाही. आपलं घर पंचावन्नावंच राहील, म्हणजे आपल्यावरही बोट नाही. काकीला नारळाचा मानही मिळेल.

दादांनी रेडिओ बंद केला. "तिची जागा खंयची?"

"पंचविसावी."

"मगे?" दादा म्हणाले. पुढे म्हणाले, "मान दिलंस तर ता उपकार केल्यासारख्या जाता. तिका मान नको. तिची जागा होयी."

त्यांनी ट्रंकेतली वही काढायला सांगितली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा झुरळांनी खाल्लेल्या. ऋताने ती आधी पाहिली होती, पण नावं उतरवून घेण्यापुरतीच. आज ती पानं उलटत गेली. दर वर्षाला एक पान. दर पानावर सगळीच्या सगळी नावं पुन्हा, दादांच्या टपोऱ्या अक्षरात. तिला आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात तिने त्यांना तीन संध्याकाळी बसून हे पान लिहिताना पाहिलं होतं. नावं तीच, क्रम तोच, नुसता एकाने सरकलेला. ती लाडाने म्हणाली होती, दादा, कशाला हात दुखवून घेता, हे एका ओळीत होतं. आणि ते म्हणाले होते, "होता असात गो."

एका पानावर पंचावन्नच नावं होती. कोण नाही म्हणून ती शोधत गेली. पिंपळाकडचं घर नव्हतं. सासूबाई गेल्या ते वर्ष. दादांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं घर वगळून पान लिहिलं होतं. पुढच्या पानावर ते घर पुन्हा आपल्या जागी होतं. आधीचं पान जसं होतं तसंच होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता.

जेवणं व्हायच्या आत तिने नवीन पान लिहायला घेतलं. शाईच्या पेनाने, दादांनी शेवटचं लिहिलेलं पान समोर ठेवून, तीन वर्षांची तीन घरं सरकवून. ती नाव वाचायची, दादा मान हलवायचे. त्यांच्या डोक्यात नावं नव्हती, वाट होती. देवळाकडून निघून वहाळ ओलांडून, बावीवरून, वरच्या वाडीने फिरून पिंपळापर्यंत. पंचविसाव्या ओळीला ती थांबली. नाव काय लिहायचं, बाबली लिहायचं की मथुरा? दादा म्हणाले, घर लिही. तिने लिहिलं, बावीकडचं घर.

प्रोग्रामही तिने त्याच संध्याकाळी सुधारला. पत्ता चौकोनी कंसात उलगडून घेतला की पर्ल यादी नव्या जागी खरोखरची मांडतं. करायचं एवढंच होतं, दोन ओळींत दोन कंस, आणि मूळ यादी सरकवायची ती कधी न लिहिलेली ओळ. मग तिन्ही पत्ते छापून बघितले. आता तिन्ही वेगळे आले. तिने ते तीनदा छापून बघितले, आणि वहीचं पानही मिटलं नाही.

शुक्रवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मंगेश पाळीवर गेला होता. ऋता दादांचा हात धरून आली, त्यांना पुरुषांच्या बाजूला बसवलं आणि स्वतः बायकांत उभी राहिली. मथुराकाकीला शोधत तिचे डोळे दोनदा सभामंडप फिरून आले. काकी अगदी मागे, खांबाआड, सलोनीचा हात धरून उभी होती. आली होती म्हणायची. न येती तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, गावाची, गुरांची, परदेशी गेलेल्या लेकरांची राखण मागितली, दर वाक्याला मंडपातून "व्हय म्हाराजा" उठलं. मग दत्ताकाकांनी खिशातून छापील कागद काढला. आता नाही बोललं तर वर्षभर बोलता यायचं नाही, एवढंच ऋताला कळत होतं.

"दत्ताकाका, थांबा," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "ती यादी चुकलीय. बावीकडचं घर माझ्या हातून गळलं. गावाने काढलं नाही, कमिटीने काढलं नाही. माझी चूक आहे."

मंडपात कुजबुज झाली. दत्ताकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कॉम्प्युटर चुकणा नाय, ता तूच सांगलंस मां?"

"सांगितलं होतं. कॉम्प्युटर नाही चुकला, मी त्याला चुकीचं सांगितलं." ती पुढे झाली आणि वही त्यांच्यासमोर धरली. "यात छप्पन्न आहेत. यात शेवटचा पहारा आमच्या घराला येतो. तो नियमाने येतो, पण गावाला पटत नसेल तर आम्ही तो घेणार नाही. बावीकडच्या घराची जागा तेवढी हलवू नका."

कोणीतरी मागून म्हणालं की त्या घरात पुरुष कोण आहे. कोण ते दिसलं नाही; अशा वेळी बोलणारा कधीच दिसत नाही. खांबाआड सलोनीने आईकडे बघितलं, आणि आई निघायला वळली.

"पहारो घराचो, माणसाचो न्हय," गणपतदादा बसल्या जागेवरून म्हणाले. आवाज चढवला नाही. "माणसां मरतत. घर थंयच आसा. वाच गो तू."

तशी वही ऋताकडे परत आली. देवापुढे सुनेने यादी वाचण्याची गावात ही पहिली वेळ, पण त्या घडीला ते कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या तर नाहीच. ती वाचायला लागली. पहिलं दत्तप्रसादांचं घर. मग दत्ताकाकांनी छापील कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आसा." दुसरं, तिसरं, दहावं. चोविसावं. तिने ओळीखाली बोट ठेवलं.

"बावीकडचं घर."

समईची वात सारखी करायला वाकलेला गुरवही तसाच थांबला. ऋताने मान वर केली नाही. वर बघितलं आणि खांबाशी कोणी नसलं तर पुढचं नाव वाचता येणार नाही, अशी तिला भीती वाटली.

"आसा," मथुराकाकी म्हणाली.

पुढचं नाव लवूचं. त्याला छापील यादीत सोमवारी दुपारी बाराचा पहारा होता, आता तो तीनचा झाला, आणि सोमवारी तीनला पेडण्याच्या लग्नाचं मंडपाचं सामान पोचवायचं त्याने कबूल केलेलं सगळ्या गावाला माहीत होतं. लवू डोकं खाजवत उभा राहिला. तो नाही म्हणाला तर मागच्या तीस जणांना नाही म्हणायला वाट मोकळी होती.

"कॉम्प्युटराक पण सुतक लागता, ता माका आज कळला," लवू म्हणाला. दोन-चार जण हसले. त्याने आणखी थोडं डोकं खाजवलं. "आसा."

त्यानंतर कोणी अडलं नाही. मुंबईच्या तिघांनी फोन काढून तिकिटं बघितली, कपाळाला आठ्या घातल्या, पण आपलं नाव आल्यावर "आसा" म्हणाले. छप्पन्नावं पिंपळाकडचं घर तिने वाचलं आणि थांबली. दादांनी दत्तप्रसादांच्या दिशेने तोंड केलं, बघता येत नसलं तरी. दत्ताकाका म्हणाले, वहीत आहे तर आहे. तेव्हा दादा "आसा" म्हणाले.

पण हायसं वाटावं तर ऋताला ते वाटेना. तीन दिवस ती घरात असून नसल्यासारखी होती. कोण आपला पहारा विसरेल, कोण जुन्या वेळेला येऊन परत जाईल, हे तिच्या डोक्यात फिरत होतं. नवीन यादी तिने ग्रुपवर टाकली, वर ठळक अक्षरात 'जुनी पुसा' असं लिहिलं, तरी दर पहाऱ्याच्या बदलीला ती फोन करून विचारायची, आलं का घर? सोमवारी क्लासला सुट्टी दिली आणि अकरालाच देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

बाराला मथुराकाकी आणि सलोनी समईपाशी उभ्या राहिल्या. बाबलीकाकांची झांज काकीच्या हातात होती. गळा काही तिचा फार बरा नाही, पण ताल पक्का; नवऱ्याचं भजन तीस वर्षं ऐकून मुरलेला. वरच्या वाडीतल्या दोन बायका आपणहून साथीला आल्या. पहिला तास गेला, दुसरा गेला. पावणेतीनला ऋताने रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. पुढचं घर येऊन झांज घेतल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. सोडली, आणि भजन तुटलं, तर यादी चुकली असं कोणी म्हणणार नाही. बावीकडच्या घराच्या पहाऱ्याला तुटलं, असंच म्हणणार.

तीन वाजले. लवू नव्हता. काकीचा आवाज घोगरा झाला होता. सलोनीने दोनदा दाराकडे पाहिलं, मग पाहायचं सोडलं आणि आईच्या वरच्या पट्टीत गायला लागली. तीन वाजून पाच. सात. ऋताच्या मनात आलं, उठावं आणि आपण झांज घ्यावी. पण पहारा तिचा नव्हता, जागा तिची नव्हती, आणि दुसऱ्याच्या जागेवर एकदा हात टाकून काय झालं ते तिने पाहिलं होतं. ती बसून राहिली, पायरीच्या दगडावर नख घासत.

तीन वाजून अकराला खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. लवू धावत वर आला, नळाखाली पाय धुतले, धुतले म्हणजे भिजवले, आणि ओल्या पावलांनी समईपाशी गेला. त्याने काकीच्या हातांवर आपले हात ठेवले. दोन ठोके दोघांचे मिळून वाजले, तिसरा त्याचा. मध्ये काही तुटलं नाही. सामान खाली उतरवून ठेवलंय, आता पेडण्याला सहानंतरच, असं त्याने गाता गाता बायकोला खुणेने सांगितलं.

मथुराकाकी बाहेर येऊन ऋताच्या शेजारी पायरीवर बसली. पोटऱ्या चोळत राहिली.

"तवशाचा धोंडस केलंस?" काकीने विचारलं.

"नाही काकी. राहिलंच."

"मगे कुसतला ता," काकी म्हणाली. "आज कर."